‘योग्य पदां’ची यादी : दिव्यांग पदवीधरांच्या रोजगाराचा इतिहास, रायपूरच्या संदर्भात

रायपूरमध्ये 2013 साली ‘नुक्कड’ नावाचे चहागृह सुरू झाले. तिथे ऑर्डर घेणारी आणि चहा आणून देणारी बरीचशी मंडळी कर्णबधिर आहेत. गिऱ्हाईक काय हवे ते खुणेने किंवा लिहून सांगते. या चहागृहाचे वर्तमानपत्रांतून पुष्कळ कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र इथे निराळा प्रश्न पडायला हवा. ऐकू न येणारा माणूस गिऱ्हाइकांशी व्यवहार करू शकतो, ही गोष्ट 2013 सालीही बातमी का ठरली? अमुक काम अमुक माणसाला जमणार नाही हे त्याआधी कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर ठरवले होते?

प्रस्तुत पाठात आपण या प्रश्नाचा माग काढणार आहोत. आरक्षणाची टक्केवारी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासामुळे बहुतेकांना पाठ असते. पण दिव्यांग पदवीधराला प्रत्यक्षात नोकरी मिळाली की नाही, हे त्या टक्केवारीपेक्षा दुसऱ्याच एका कागदावर अधिक अवलंबून राहिले. तो कागद म्हणजे दिव्यांगांसाठी ‘योग्य’ ठरवलेल्या पदांची सरकारी यादी.

शब्दांबद्दल आधी थोडे. ‘अपंग’, ‘विकलांग’ हे शब्द जुन्या कागदपत्रांत आणि संस्थांच्या नावांत आहेत. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात रुळला तो डिसेंबर 2015 नंतर. अनेक दिव्यांग कार्यकर्त्यांना हा शब्द आवडत नाही. ज्यात दैवी काही नाही त्याला दैवी म्हणण्याची गरज काय, असे ते विचारतात. या पाठात जुन्या काळाविषयी बोलताना त्या काळचा शब्द आणि आजच्या संदर्भात कायद्याच्या मराठी व्यवहारातला शब्द वापरला आहे.

मोजणी : कधी केली, कधी सोडली

ब्रिटिश काळात 1872 पासून 1931 पर्यंतच्या जनगणनांमध्ये व्यंगांची नोंद होत असे. वेडसर, मूकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी अशी त्यांची वर्गवारी होती. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. ही नोंद कशासाठी होती याचा विचार करा. त्या रकान्यांतल्या माणसांना काम द्यावे हा हेतू त्यात नव्हता. प्रजेतला किती भाग ‘निरुपयोगी’ आणि किती रोगट, याचा तो अंदाज होता. कुष्ठरोग्यांसाठी 1898 चा स्वतंत्र कायदा होता आणि तो प्रामुख्याने त्यांना वेगळे ठेवण्याविषयी होता. तो रद्द व्हायला 2016 साल उजाडले.

1941 पासून हे रकाने जनगणनेतून गेले. स्वातंत्र्यानंतरच्या तीन जनगणनांत दिव्यांगांची मोजणीच झाली नाही. 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते, म्हणून त्या साली त्रोटक प्रश्न विचारले गेले आणि 1991 ला पुन्हा वगळले. संघटनांनी आग्रह धरल्यावर 2001 मध्ये ते परत आले. छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी स्थापन झाले, म्हणजे या राज्याची पहिली जनगणना आणि दिव्यांगांच्या रकान्याचे पुनरागमन एकाच वेळचे आहे. जुन्या मध्य प्रदेशातल्या धोरणकर्त्यांना हा आकडा हाताशी नव्हता. 1991 साली रायपूर जिल्ह्यात किती अंध व्यक्ती होत्या हे जनगणनेवरून सांगताच येत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2.68 कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या, तर छत्तीसगडमध्ये सुमारे सव्वासहा लाख. देशातल्या दिव्यांगांपैकी सुमारे 36 टक्के लोक काम करणारे म्हणून नोंदले गेले. पुरुषांत हे प्रमाण 47 टक्के होते आणि स्त्रियांत 23 टक्के. पदवीपर्यंत किंवा त्यापुढे शिकलेले होते जेमतेम 5 टक्के.

वसाहत, कार्यशाळा आणि रोजगार विनिमय केंद्र

शिक्षणाची सुरुवात मुंबईत तुलनेने लवकर झाली. मूकबधिरांची शाळा माझगावात 1880 च्या दशकात निघाली आणि अंधांसाठी ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा 1902 साली. अंधशाळांतून वाचन-लेखनाबरोबर खुर्च्या वेताने विणणे, टोपल्या करणे असे हातकाम शिकवले जाई. ‘अंधाचे काम’ म्हणजे वेतकाम, हे समीकरण इथेच तयार झाले आणि पुढे सरकारी यादीत शिरले.

1952 मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. क्रिकेटपटू विजय मर्चंट या कामाशी दीर्घकाळ जोडलेले होते. त्यांनी कुटुंबाच्या कापड गिरण्यांमध्ये अपंगांना काम दिले आणि इतर उद्योजकांनीही द्यावे म्हणून शब्द टाकला. 1959 साली देशातले अपंगांसाठीचे पहिले विशेष रोजगार विनिमय केंद्र मुंबईतच सुरू झाले. 1968 मध्ये मुंबई आणि हैदराबाद इथे व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे निघाली. उमेदवाराची क्षमता तपासायची, त्याला प्रशिक्षण द्यायचे आणि काम मिळवून द्यायचे अशी त्यांची रचना होती.

विदर्भ आणि छत्तीसगडमध्ये वेगळी वाट दिसते. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांनी शेती, हातमाग, सुतारकाम उभे केले आणि पुढे इतर अपंग व्यक्तीही तिथे आल्या. चांपाजवळच्या सोठी गावी सदाशिव गोविंद कात्रे यांनी 1962 साली भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. कात्रे मराठी भाषक, पूर्वी रेल्वेत नोकरी केलेले आणि स्वतः कुष्ठरोगाचे रुग्ण होते. 1970 च्या दशकात अमरावती जिल्ह्यातले दामोदर गणेश बापट तिथे आले आणि आयुष्यभर राहिले. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली.

या वसाहतींनी हजारो माणसांना काम आणि मान दिला, हे निर्विवाद आहे. ज्यांना गावाने हाकलले त्यांना सरकारी पदांची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते. त्यांनी स्वतःची अर्थव्यवस्थाच उभारली. पण वसाहत हे उत्तर पदवीधराच्या प्रश्नाला लागू पडत नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या अंध मुलीला बँकेत, कचेरीत, बाकीच्यांच्या शेजारी बसायचे असते. तिची गाठ यादीशी पडते.

यादीची गोष्ट

1977 साली केंद्र सरकारने तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या पदांत अपंगांना 3 टक्के आरक्षण दिले. अंध, बधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी 1 टक्का. यातली ‘तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या’ ही अट नीट पाहा. अपंग माणूस कारकून किंवा शिपाई होऊ शकेल, अधिकारी नव्हे, अशी ती सरळ समजूत होती. पदवीधराने पदवी बाजूला ठेवून खालच्या जागेसाठी अर्ज करावा, एवढीच सोय त्यात होती.

1986 मध्ये एक पाऊल पुढे पडले. ‘अ’ आणि ‘ब’ गटांतली 416 प्रकारची पदे अपंगांना जमण्यासारखी आहेत, असे सरकारने यादी करून मान्य केले. मान्यता मिळाली, पण वाट उघडली नाही. या पदांसाठीच्या परीक्षेला बसायचे तर अंध उमेदवाराने पेपर लिहायचा कसा? ब्रेलमध्ये उत्तरे लिहिण्याची किंवा लेखनिक घेण्याची मुभा संघ लोकसेवा आयोग देत नव्हता. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही अंधांनी स्वतः चालवलेली संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 1993 च्या निकालात न्यायालयाने सरकारच्या याच यादीवर बोट ठेवले. पदे अंधांना योग्य आहेत असे तुम्हीच म्हणता, तर परीक्षेचे दार बंद ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अंध उमेदवारांना ब्रेल किंवा लेखनिकाच्या मदतीने परीक्षा देता येऊ लागली ती यामुळे.

त्यानंतर 1995 चा कायदा आला आणि 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. त्यातले कलम 33 इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे, कारण पुढची सतरा वर्षे भांडण त्याच्या वाक्यरचनेवर झाले. प्रत्येक आस्थापनेत किमान 3 टक्के रिक्त जागा अपंगांसाठी असाव्यात, असे हे कलम सांगते आणि त्यातच ‘निश्चित केलेल्या पदांमध्ये’ हे शब्द येतात. सरकारी खात्यांनी या शब्दांचा अर्थ सोयीने लावला. आधी पदे निश्चित होऊ देत, मग त्या पदांच्या संख्येवर 3 टक्के काढू, आणि पदे निश्चित झालीच नाहीत तर आरक्षणाचा प्रश्नच उद्भवत नाही! यादी करण्याचे काम ज्याच्याकडे, त्यानेच ती न केल्याचा फायदा घ्यावा, असा हा प्रकार होता.

रवी प्रकाश गुप्ता या अंध उमेदवाराने 2006 ची नागरी सेवा परीक्षा दिली होती. त्यांच्या खटल्यात सरकारने नेमका हाच मुद्दा मांडला. पदे निश्चित करायला उशीर झाला म्हणून कायद्याने दिलेले आरक्षण नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले. 8 ऑक्टोबर 2013 रोजी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या आणखी एका खटल्यात उरलेला घोळ मिटला. आरक्षण मोजायचे ते संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर, आणि निश्चित केलेली पदे ही केवळ त्या जागा भरण्याची ठिकाणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. आकड्यांत पाहू. समजा एका संवर्गात 1000 जागा रिक्त आहेत आणि त्यांतली 200 पदे ‘योग्य’ ठरवली आहेत. जुन्या हिशेबाने आरक्षित जागा 6 होतात, नव्या हिशेबाने 30.

तरीही यादीचा जोर संपला नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना बालपणीच दृष्टी गमवावी लागली. 2015 च्या नागरी सेवा परीक्षेत त्यांना 773 वा क्रमांक मिळाला आणि रेल्वेची लेखा सेवा देऊ करण्यात आली. नंतर, पूर्ण अंधत्व असल्यामुळे ही सेवा देता येत नाही, असे रेल्वेने कळवले. पुढच्याच वर्षी 124 वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि 14 ऑक्टोबर 2019 रोजी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. एका यादीनुसार ज्या व्यक्तीला हिशेब तपासणे जमणार नव्हते, ती दुसऱ्या यादीनुसार महसुली प्रशासन चालवू लागली. यादीचा शास्त्रीय आधार किती पातळ होता हे यावरून कळते.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार सातावरून 21 वर नेले आणि नोकरीतले आरक्षण 4 टक्के, उच्च शिक्षणातले 5 टक्के केले. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. जानेवारी 2021 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या यादीत 3566 पदे आहेत. तरी काही पदांवर उघड बंदी राहिलीच होती. मध्य प्रदेशाच्या न्यायिक सेवेतून दृष्टिहीनांना वगळणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो थेट 3 मार्च 2025 रोजी. त्या खटल्याची सुरुवात एका आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून झाली होती.

रायपूरहून पाहताना

हे सगळे दिल्लीत घडत असताना रायपूरच्या विद्यार्थ्याची स्थिती काय होती? 1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर, नंतर भोपाळ. मध्य प्रदेशाच्या काळात व्यावसायिक पुनर्वसन केंद्र होते जबलपूरला. रायपूरहून तिथे जायचे तर ब्रॉडगेजने बिलासपूर-कटनी असा वळसा. कुबडी घेऊन किंवा चाकाच्या खुर्चीवरून हा प्रवास एका मुलाखतीसाठी करणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. पत्रकात ‘सुविधा उपलब्ध’ असे छापलेले असते. त्यात अंतर लिहिलेले नसते.

रायपूरमध्ये मठपुरैना इथे दृष्टी आणि श्रवण बाधितांची शासकीय शाळा आहे. शहरातल्या महाराष्ट्र मंडळाचे दिव्यांग बालिका विकास गृह समता कॉलनीत आहे. बाहेरगावच्या मुलींच्या शिक्षणाचा पहिला अडसर निवासाचा असतो, म्हणून अशा वसतिगृहाचे मोल मोठे. प्रादेशिक पुनर्वसन केंद्र राजनांदगावला आहे. माना भागातल्या शासकीय दिव्यांग महाविद्यालयात संगीत आणि चित्रकला शिकवतात. कलाशिक्षणाबद्दल आदर राखूनही एक विचारावेसे वाटते : दिव्यांगांसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढताना आपल्याला पहिल्यांदा गाणे आणि चित्रेच का सुचतात? वेतकामाच्या जुन्या समीकरणाची छाया इथे जाणवते.

रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 पासूनचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नवव्या पंचवार्षिक योजनेत (1997-2002) विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी योजना आणली. महाविद्यालयांनी दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कक्ष उघडावा आणि त्या कक्षाने पदवीधरांना सरकारी व खासगी नोकरी मिळवण्यास मदत करावी, असे तिच्या मार्गदर्शक सूचनांत होते. रोजगाराची जबाबदारी महाविद्यालयावर कागदोपत्री आली ती अशी, पाव शतकापूर्वी. रॅम्प बांधला की फोटो काढता येतो. नोकरी मिळवून देण्याच्या कामाचा फोटो निघत नाही. त्यामुळे या योजनेचा कोणता भाग लवकर अमलात आला असेल, हे तुम्ही आपल्या महाविद्यालयात पाहून ठरवा.

छत्तीसगडचे पहिले मुख्यमंत्री अजित जोगी 2004 च्या अपघातानंतर 2020 मध्ये मृत्यू येईपर्यंत चाकाच्या खुर्चीवरून राजकारण करत होते. ते आमदार असू शकतात, पक्ष चालवू शकतात, याबद्दल कोणी शंका घेतली नाही, कारण लोकांनी त्यांचे काम अपघातापूर्वीच पाहिले होते. कायद्यातही असाच फरक आहे. 1995 च्या कायद्याचे कलम 47 सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये कुणाल सिंग या पाय गमावलेल्या जवानाच्या खटल्यात ते ठामपणे लागू केले. आत असलेल्याला संरक्षण आहे. जो अजून बाहेर उभा आहे त्याला आपले काम दाखवण्याची संधीच मिळत नाही.

त्यात प्रमाणपत्राचा प्रश्न. आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. बनावट प्रमाणपत्रावर लोक नोकरीत शिरल्याच्या तक्रारी करत छत्तीसगडच्या दिव्यांगांनी रायपूरमध्ये आंदोलने केली आहेत. याचा फटका दुहेरी बसतो : जागा जाते, आणि खऱ्या उमेदवाराकडेही संशयाने पाहिले जाते. दुसरीकडे 40 टक्क्यांच्या रेषेखालच्यांचे काय? बोटांच्या आखडण्यामुळे लिहिता न येणाऱ्या विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितले की लेखनिक मिळण्यासाठी या रेषेची अट घालता येत नाही. आरक्षण वेगळे, सोय वेगळी.

इंटर्नशिप : नवे दार

सरकारी भरती आटत गेली तसा खासगी क्षेत्राचा प्रश्न पुढे आला. 2007-08 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वर्षाला एक लाख दिव्यांगांना खासगी नोकऱ्या मिळतील अशी योजना मांडली गेली. 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याचा मालकाकडचा भविष्यनिधीचा आणि कर्मचारी विम्याचा हिस्सा सरकार तीन वर्षे भरणार होते. योजना उद्दिष्टाच्या जवळपासही पोचली नाही. मालकाची अडचण हप्त्याची नव्हती. हा माणूस काम करील का, ही शंका होती, आणि शंकेला अनुदान लागू पडत नाही.

शंका फिटते ती काम बघून. म्हणूनच इंटर्नशिप महत्त्वाची. पण कायद्याच्या दृष्टीने इंटर्न कोण? 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचे कलम 18 स्पष्ट म्हणते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. 4 टक्के आरक्षण सरकारी पदांच्या रिक्त जागांवर आहे. इंटर्नची जागा ‘पद’ नाही आणि ‘रिक्त’ही नाही. ज्या यादीसाठी चाळीस वर्षे भांडण झाले, त्या यादीत ही जागा बसतच नाही.

इथे नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक गोष्ट बदलली आहे आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. इंटर्नशिप आता पदवी अभ्यासक्रमात श्रेयांकांसह आली आहे. एक किंवा दोन वर्षांनी प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्यालाही 4 श्रेयांकांचे व्यवसायशिक्षण किंवा इंटर्नशिप करावी लागते. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग झाली म्हणजे 2016 च्या कायद्याचे कलम 16 तिला लागू होते, असे मला वाटते. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असे ते कलम सांगते. वर्गात रॅम्प द्यायचा आणि इंटर्नशिपसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या कचेरीत पाठवायचे, हे मग महाविद्यालयाला ‘कंपनीचा प्रश्न’ म्हणून सोडून देता येणार नाही. न्यायालयापुढे हा अर्थ टिकेल का, हे असा खटला होईल तेव्हा कळेल.

कंपन्यांच्या बाजूनेही एक हत्यार आहे. कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने, खासगीनेसुद्धा, समान संधी धोरण प्रसिद्ध करायचे असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी कोणती पदे योग्य आहेत आणि निवड कशी होते, हेही त्यात लिहावे लागते. म्हणजे यादी इथेही आली. फरक इतकाच की ती आता मालक करतो. ज्यांना या विषयावर प्रकल्प करायचा असेल त्यांनी इथून सुरुवात करावी. आपल्या शहरातल्या, मग ते रायपूर असो की नागपूर, दहा कंपन्यांची ही धोरणे मिळवा. त्यांत अंध, बधिर आणि अस्थिव्यंग व्यक्तींसाठी कोणती कामे लिहिली आहेत ते 1986 च्या यादीशेजारी ठेवून वाचा. इंटर्नचा उल्लेख कितींमध्ये आहे, तेही मोजा.